जिवंत, नग अकरा

जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात आण्णा कंपाउंडर होते.
दिवसभर लाल औषध, पांढरं औषध,
बाटलीवर कात्रीनं दाते पाडलेली कागदाची पट्टी,
एक दाता, एक डोस.
रात्री दुसरा तराजू, घरचा,
त्याला दवाखान्यातलं कुणी हात लावलेला नव्हता.

जेवणं झाली, आईनं जमीन पुसली
की आण्णा पंखा बंद करायचे.
मे महिन्यात. जिंतूरच्या मे महिन्यात.
श्वाससुद्धा मान वळवून बाजूला सोडायचा,
काटा हलला की पुन्हा पहिल्यापासून.
दारूचा एक कण, खसखशीएवढा,
चिमट्यानं उचलून परत डबीत.
"जास्त झाला होता?"
"झाला नव्हता. वाटला होता."

माझ्याकडे पितळ.
रिकाम्या नळ्या चिंचेच्या कोळानं घासायच्या,
सुपात घालून उन्हात,
मग एकेकीच्या गळ्याभोवती नख फिरवायचं.
तडा डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागतो.
(पुढे सासरी मी माठ असेच निवडले,
कुंभार म्हणायचा, बाई, वाजवून तरी बघा.)

रायफल बारीक नळीची,
बदलून गेलेल्या डॉक्टर मिर्झांनी रीतसर कागद करून दिलेली.
रविवारी येलदरी रस्त्याच्या मुरमाच्या खदानीत जायचो,
मागे उभी दरड, माणूस ना जनावर.
देवीच्या लशीच्या जुन्या तक्त्याची पाठ,
तिच्यावर माझ्याच डबीतल्या काजळाचा ठिपका.
तीन गोळ्या.
कागद आणायला मी पळायची.
तीन भोकं दिसली तर घरापर्यंत बोलणं नाही.
दोन दिसली तर नाक्यावर विडा, मला गोळी, लिंबाची.
एक,
असं एकदाच झालं.
कडेला जरासं फुगलेलं, ज्वारीच्या दाण्यासारखं.
आण्णांनी कागद उन्हासमोर धरला,
त्यातून आलेला उजेडाचा ठिपका त्यांच्या गालावर बसला,
मग घडी करून राशनकार्डात.

पारावर विचारायचे,
"काय कंपाउंडर, काय मारलं यंदा?"
"कागद."
सगळे हसायचे. आण्णाही हसायचे, थोडं उशिरा.

मग तातेराव घुग्यांच्या टरबुजाच्या वाडीत कोल्हं शिरलं.
कोल्हा काकडीला राजी म्हणतात,
ह्याला काकडी चालत नव्हती,
पिकलेलंच फळ फोडायचं, अर्धं खायचं, पुढचं धरायचं.
पूर्णेच्या वाळूत आम्ही रात्रभर पालथे.
चांदणं असं की वेली मोजाव्यात.
आलं. बसलं. आमच्याकडेच तोंड करून
कान खाजवलं.
आण्णांचा गाल लाकडाला लागला,
मी श्वास बाजूला वळवला, सवयीनं.

वाजलं नाही काही.
पलीकडच्या काठावर, कोल्ह्याच्या बरोब्बर मागे,
कुणीतरी विडी पेटवली होती.
"गोळी कोल्ह्यापाशी थांबत नसते," आण्णा म्हणाले
आणि कपडे झटकून उठले.

तातेराव फुगले.
"मंग येवढं तोलून मापून करायलाव कशाला, सांगा की!"
आण्णांनी सांगितलं नाही.
घरी आले, पंखा बंद केला,
नळीतून काढलेलं ते न उडालेलं काडतूस
पारड्यात ठेवून पुन्हा बघितलं.
बरोबर होतं.

ते भादव्यात गेले.
तेराव्यानंतर मी ठाण्यात. जमादार लिहीत होता:
रायफल, नग एक.
परवाना, मुदत संपलेला.
परवानाधारक, मयत.
काडतुसं, जिवंत, नग अकरा.

डबी औषधाची होती,
आत प्रत्येकाखाली कापूस,
कापसाखाली चिठ्ठी, आण्णांच्या अक्षरात,
तारीख, आणि "हवा कोरडी".
त्यानं चिठ्ठ्या मला परत दिल्या, लागत नाहीत म्हणाला,
आणि अकराच्या अकरा टेबलावर ओतली, खळ्ळकन.
वर पंखा गरागरा फिरत होता.

बंद करा जरा, असं माझ्या तोंडात आलं होतं.